लहान मुलांचे चांगले वागणे कसे वाढवावे : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईवडील, आजी-आजोबा आणि पाळणाघर चालवणाऱ्या ताई आमच्या बालवाडीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. काही पालकसभेत आले, काही चिठ्ठीवर लिहून आले, तर बरेचसे मुलाला घरी नेताना फाटकापाशी उभ्या उभ्या विचारले गेले. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. चांगल्या वागण्याला प्रोत्साहन द्यायचे म्हणजे आम्ही नेमके काय करायचे?

मुलाने जे करावे असे आपल्याला वाटते ते त्याने केले, की त्याच क्षणी आपण तिकडे लक्ष द्यायचे आणि आपण पाहिले हे त्याला कळू द्यायचे. हे सोपे वाटते, पण एका संध्याकाळी स्वतःवर नजर ठेवून पाहा. मूल ठोकळे घेऊन शांतपणे खेळत असते तेव्हा 'बरे झाले, गुंतले आहे' असे म्हणून आपण कुकर लावतो, फोन करतो, कपड्यांच्या घड्या घालतो; आणि त्याच मुलाने ठोकळा भिंतीवर आपटायला सुरुवात केली की हातातले काम टाकून धावत जातो. लहान मुलाला आपल्या माणसांचे लक्ष भुकेइतके हवे असते. हसरा चेहरा मिळाला तर उत्तमच, पण तो मिळत नसेल तर रागावलेला चेहराही त्याला चालतो, कारण कोणीच न पाहण्यापेक्षा तो बरा. म्हणून ज्या वागण्याला लक्ष मिळते ते वागणे वाढते. मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात, आणि या पानावरील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

आमच्याकडे साडेतीन वर्षांचा एक मुलगा सकाळी आल्या आल्या चपला भिरकावून आत धावत असे. 'चपला नीट ठेव' ही हाक त्याच्या अंगवळणी पडली होती. एके दिवशी भिरकावलेली एक चप्पल योगायोगाने मांडणीत सरळ जाऊन पडली. ताई तिथे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही एक बरोब्बर जागेवर आली." तो परत फिरला, बराच वेळ चपलेकडे पाहत राहिला, मग दुसरी शोधून आणून तिच्या शेजारी ठेवली. डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे झाली होती. ताईंनी ती सरळ केली नाही. दुसऱ्या दिवशी तो ताईंना हाताला धरून चपला दाखवायला घेऊन आला.

२. नीट वागणे हे तर मुलाकडून अपेक्षितच आहे. त्याचे एवढे कौतुक केले तर ते डोक्यावर बसणार नाही का?

जे आपल्याला साधे वाटते ते मुलासाठी कष्टाचे असते. हातातले खेळणे दुसऱ्याला देणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, राग आला तरी हात न उगारणे, या साऱ्यासाठी स्वतःला आवरावे लागते, आणि आवरण्याचे हे काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे असते तो भाग पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. तीन वर्षांच्या मुलाने घसरगुंडीच्या रांगेत अर्धा मिनिट थांबून दाखवले तर त्याने खरोखरच काही तरी केलेले असते.

मूल डोक्यावर बसते ते मर्यादा नसल्यामुळे, केलेल्या गोष्टीची कोणी दखल घेतली म्हणून नव्हे. शिवाय कौतुक म्हणजे टाळ्या आणि गाजावाजा नव्हे. "तू थांबलास, मी पाहिलं" एवढे वाक्य, पाठीवर हात, किंवा नुसती मान डोलावणे पुष्कळ होते. सवय जसजशी मुरत जाते तसतशी ही दखल आपोआप विरळ होत जाते आणि तशी ती होऊ द्यावी.

३. 'हुशार आहेस', 'शहाणं माझं बाळ' असे आम्ही नेहमी म्हणतो. तेवढे पुरते ना?

लाडाने म्हणायला काहीच हरकत नाही, परंतु त्यातून मुलाला पुन्हा काय करायचे हे कळत नाही. 'शहाणं बाळ' म्हणजे नेमके कशामुळे शहाणे? म्हणून केलेली गोष्ट नाव घेऊन सांगावी: "छोटी रडत होती तेव्हा तू तिला तिची बाहुली आणून दिलीस. ती लगेच शांत झाली." या दोन वाक्यांत मुलाने काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला, हे दोन्ही आले.

'हुशार' या शब्दाबाबत थोडे सावध राहावे. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या मुलांच्या बुद्धीची स्तुती केली गेली त्यांनी पुढे सोपी कामे निवडली आणि अपयश येताच लवकर माघार घेतली. ज्यांच्या मेहनतीची स्तुती झाली ती अवघड कामाला भिडली. ती मुले पाचवीच्या वयाची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा तीन वर्षांच्या मुलाला लावता येणार नाही. पण बालवाडीत आम्हाला दिसते ते याच्याशी जुळणारे आहे. 'किती सुंदर चित्र!' ऐकण्याची सवय झालेले मूल प्रत्येक रेघेनंतर मान वर करून 'छान आहे?' असे विचारू लागते. त्यापेक्षा "तू इथे खूप दाबून रंग दिलास, हे काय आहे ते सांग ना," असे म्हटले की मूल चित्राविषयी बोलू लागते.

कौतुकाला शेपूट जोडू नये, ही आणखी एक गोष्ट. "आज छान आवरलंस, रोज का नाही असं करत?" या वाक्याचा दुसरा भाग पहिल्याचे सगळे सत्त्व काढून घेतो.

४. चॉकलेट, खेळणे किंवा चांदणीचे स्टिकर देऊन चांगली सवय लावली तर चालते का?

थोड्या काळासाठी आणि एखाद्याच ठरावीक सवयीसाठी चालते. कायमची रीत म्हणून चालत नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ सालचा प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. तीन ते पाच वर्षांच्या, मुळातच चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल' असे आधी सांगितले गेले. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक प्रमाणपत्र मिळाले आणि काहींना काहीच मिळाले नाही. पुढे काही दिवसांनी मोकळ्या वेळात आधी कबूल केलेले बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या मानाने निम्माच वेळ चित्रांकडे वळली. जे ती आनंदाने करत होती, ते आता बक्षिसासाठी करायचे काम झाले होते.

म्हणून जे मूल आपणहून करते त्याला बक्षीस लावू नये. चित्र, गोष्ट ऐकणे, खेळ, धाकट्याला मदत करणे या गोष्टींचे मोल चॉकलेटने ठरवू नये. मात्र जे मुलाला मनापासून नको असते, उदाहरणार्थ रात्री दात घासणे, त्यासाठी दोन-तीन आठवडे एक साधा तक्ता भिंतीवर लावून प्रत्येक रात्री मुलाच्या हाताने चांदणी चिकटवली तर सवय लागायला मदत होते. बक्षीस वस्तूपेक्षा वेळेच्या रूपात असावे: झोपताना एक गोष्ट जास्त, रविवारी बाबांबरोबर पाणवठ्यावर बदके पाहायला जाणे. आणि मिळवलेली चांदणी दुसऱ्या चुकीसाठी परत काढून घेऊ नये.

बक्षीस आणि लाच यांतील फरक वेळेचा आहे. आधी ठरवून, काम झाल्यावर दिले ते बक्षीस. मूल रडत असताना 'गप्प बस, चॉकलेट देते' असे म्हणून दिले ती लाच, आणि ती रडण्याला दिलेली असते. हे मतही नोंदवले पाहिजे की माँटेसरी पद्धतीत बक्षीस आणि शिक्षा या दोहोंनाही जागा नाही. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला आणि नंतर महाराष्ट्रात बालशिक्षण रुजवले ते याच विचारातून. माझा स्वतःचा कल त्यांच्याकडे आहे. तक्त्याला मी कुबडी मानते, पाय दुखत असताना वापरावी आणि मग ठेवून द्यावी.

५. दिवसभर 'हे करू नको, ते करू नको' म्हणून घसा सुकतो, पण मूल ऐकतच नाही. काय चुकते?

'नको' ऐकून मुलाला काय करायचे नाही एवढेच कळते. त्याऐवजी काय करायचे ते स्वतः शोधण्याचे काम त्याच्यावर पडते. 'भिंतीवर रेघोट्या मारू नकोस' याऐवजी 'खडू कागदावर चालतो, हा घे कागद' असे म्हणावे. 'पळू नकोस' याऐवजी 'माझा हात धरून चाल'. सूचना स्वयंपाकघरातून ओरडून देऊ नये. जवळ जावे, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर यावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि मनात दहापर्यंत आकडे मोजून थांबावे, कारण ऐकलेले समजून घेऊन हातापायापर्यंत पोहोचवायला लहान मुलाला वेळ लागतो. जी गोष्ट ऐच्छिक नाही ती 'करशील का?' असे विचारून सांगू नये. निवड द्यायचीच तर खरी द्यावी: 'आंघोळीला चालत जायचं की बेडूकउड्या मारत?'

खेळ मोडून निघण्याच्या वेळी भांडण ठरलेलेच असेल, तर आधी कल्पना द्यावी. 'पाच मिनिटांत निघू' याला तीन वर्षांच्या मुलाच्या लेखी अर्थ नसतो. 'अजून दोन वेळा घसरगुंडी, मग चपला' याला असतो.

आणि कित्येकदा चूक मुलाची नसून मांडणीची असते. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांनी आदिवासी पाड्यांवर काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात. ती मुले ओढाळ आहेत असा निष्कर्ष न काढता त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आपल्याला मिळाला. घरातही हेच करता येते. दप्तराची खुंटी मुलाच्या हाताला लागेल इतकी खाली ठोकली, काचेची बरणी वरच्या फळीवर ठेवली आणि ताटल्या खालच्या कप्प्यात आणल्या, तर दिवसातले कितीतरी 'नको' आपोआप गळून पडतात.

६. दुकानात हवे ते मिळाले नाही की मुलगा जमिनीवर लोळून भोकाड पसरतो. सगळे बघत असतात. तेव्हा काय करावे?

सर्वप्रथम, बघणाऱ्यांचा विचार बाजूला ठेवावा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी हे आपल्या घरी पाहिलेले असते. आकांडतांडवाच्या भरात असलेल्या मुलाला समजावून सांगण्यात अर्थ नसतो, कारण त्या वेळी ते ऐकण्याच्या स्थितीतच नसते. त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे, शक्य असल्यास उचलून बाहेर किंवा जरा निवांत जागी न्यावे, आणि थोडक्या शब्दांत त्याची भावना सांगावी: "तुला ती गाडी हवी होती. मिळाली नाही म्हणून खूप राग आलाय." एवढे बोलून जवळ बसून राहावे. भावना मान्य करणे म्हणजे मागणी मान्य करणे नव्हे. गाडी घ्यायची नाही असे ठरले असेल तर ती घेऊ नये, आणि रडे ओसरल्यावर त्याच विषयावर व्याख्यानही देऊ नये.

खरे काम दुकानात शिरण्याआधीचे आहे. मूल भुकेले किंवा पेंगुळलेले असताना खरेदीला नेऊ नये. "आज आपण साखर आणि साबण घेणार आहोत, खेळणं नाही. साबण कुठला ते तू शोधून दे," असे आधी सांगितले आणि मुलाला एक काम दिले, तर निम्म्या वेळा प्रसंगच येत नाही. आणि ज्या दिवशी ते खेळण्यांच्या कपाटासमोरून नुसते बघून पुढे गेले, त्या दिवशी ते आपल्या नजरेतून निसटू नये.

७. सांगितल्याप्रमाणे हट्टाकडे दुर्लक्ष केले, पण हट्ट कमी होण्याऐवजी वाढला. म्हणजे हा उपाय आमच्या मुलाला लागू नाही का?

बहुधा उपाय लागू पडू लागला आहे. आजवर जे बटण दाबले की दिवा लागत होता ते अचानक चालेनासे झाले तर आपणही ते आणखी जोरात आणि पुन्हा पुन्हा दाबतो. मूलही तेच करते: आवाज वाढवते, वेळ वाढवते, पाय आपटते. हा चढ काही दिवस टिकतो आणि मग उतरतो. या चढावर असतानाच 'जाऊ दे, घे एकदाचे' असे म्हणून हार मानली, तर मूल एवढेच शिकते की आणखी ताणले की मिळते. दहा वेळा 'नाही' आणि अकराव्या वेळी 'हो' यातून तयार होणारा हट्ट सर्वांत चिवट असतो. त्यामुळे जेथे शेवटपर्यंत टिकणे आपल्याला जमणार नाही, तेथे सुरुवातीलाच 'हो' म्हणणे अधिक शहाणपणाचे आहे.

दुर्लक्ष मागणीच्या गोंगाटाकडे करायचे असते, मुलाकडे नव्हे. त्याच खोलीत राहावे, चेहरा शांत ठेवावा, आणि आवाज जरासा खाली येताच "आता मला तुझं बोलणं ऐकू येतंय" असे म्हणून लगेच वळावे. भीती, दुखणे किंवा झोप यांमुळे येणाऱ्या रडण्याला हा उपाय कधीही लावू नये. मारणे व चावणे यांनाही तो लागू नाही (प्रश्न ८).

८. आमची मुलगी पाळणाघरात इतर मुलांना चावते. याकडेही दुर्लक्ष करायचे का?

नाही. दुसऱ्याला इजा होत असेल तेथे ताबडतोब मध्ये पडावे. हात किंवा खांदा घट्ट पण न दुखवता धरावा, "चावायचं नाही. त्याला दुखतं," एवढेच ठाम आवाजात म्हणावे, आणि आधी ज्याला लागले त्याच्याकडे जावे. चावणाऱ्या मुलाभोवती गर्दी, प्रश्नांचा भडिमार आणि भाषण झाले तर लक्ष पुन्हा चावण्यालाच मिळते. तिने चावल्याचे कळावे म्हणून तिला चावून दाखवण्याची सूचना अजूनही काही घरांतून ऐकू येते. ती कृपया कोणीही अमलात आणू नये.

एक ते तीन वर्षांच्या मुलांमध्ये चावणे बरेच आढळते, कारण राग पूर्ण वाढलेला असतो आणि शब्द मात्र अपुरे असतात. ती कधी चावते हे पाळणाघरातील ताईंना आठवडाभर टिपून ठेवायला सांगावे. आमच्याकडे एका मुलीच्या बाबतीत असे दिसले की जेवणाआधीच्या अर्ध्या तासात, हात धुण्याच्या नळापाशी दाटी झाली की ती चावत असे. हात धुवायला दोन-दोन मुले पाठवू लागलो आणि 'माझी पाळी' हे दोन शब्द तिच्याकडून खेळात म्हणवून घेतले. चावणे थांबायला तीन आठवडे लागले.

९. एखादा धपाटा दिला तर काय बिघडते? आम्हीही मार खाऊनच मोठे झालो.

हा प्रश्न विचारणाऱ्यांचे आपल्या मुलांवर प्रेम नसते असे मुळीच नाही, म्हणून त्याचे उत्तर आदरानेच दिले पाहिजे. धपाट्याने मूल त्या क्षणी थांबते, हे खरे आहे. त्यामुळेच तो उपाय वाटतो. पण ते थांबते भीतीने, आणि भीती समोरचा माणूस खोलीत असेपर्यंतच काम करते. भिंतीवर का लिहायचे नाही हे त्याला कळत नाही. बाबा घरात असताना लिहायचे नाही, एवढे मात्र कळते. शिवाय धाकट्याला मारले म्हणून मोठ्याला मारताना आपण त्याला नेमके तेच शिकवत असतो जे त्याने करू नये: मोठ्याने लहानावर हात उगारला तर चालतो.

आपण मार खाऊन मोठे झालो, पण मारामुळे मोठे झालो का, याचा विचार करावा. बालपणी आपल्याला ज्यांनी घडवले अशा माणसांची आठवण काढली तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हात उगारणारे नव्हे, जवळ बसवून घेणारे कोणी तरी येते.

घराबाहेर तर हा प्रश्न मताचा राहिलेला नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. घरातील मारावरही स्वीडनने १९७९ साली बंदी घातली आणि त्यानंतर अनेक देशांनी ते अनुकरण केले. हात उगारला जाईल इतका राग आला तर काय करावे, याचे उत्तर प्रश्न १७ मध्ये आहे.

१०. 'बागुलबुवा येईल', 'पोलीसकाकांना देईन', 'डॉक्टर सुई टोचतील' असे सांगितले की मुलगा पटकन जेवतो. यात नुकसान काय?

तो जेवतो, पण रात्री अंधारात जायला घाबरतो, आणि तापाने फणफणलेला असताना दवाखान्याच्या पायरीवरच किंचाळू लागतो. गर्दीत हरवला तर ज्या पोलिसाकडे त्याने मदत मागायला जावे, त्याच्याचपासून तो लपून बसेल. जी माणसे अडचणीत मुलाच्या उपयोगी पडणार आहेत त्यांचा बागुलबुवा करू नये. 'मी तुला सोडून जाईन' ही धमकी तर सर्वांत वाईट, कारण लहान मूल ती शब्दशः खरी मानते.

११. आम्ही काही ठरवले की आजी-आजोबा मोडतात. 'एकुलता एक नातू आहे, रडवता कशाला?' असे म्हणतात. कसे जमवायचे?

आजी-आजोबांशी मुलासमोर वाद घालू नये, हे पहिले. मूल झोपल्यावर, चहा घेताना, तक्रारीच्या नव्हे तर सल्ला विचारण्याच्या सुरात बोलावे: "आई, जेवणाआधी बिस्कीट खाल्लं की तो जेवत नाही. तुम्ही दिलं नाही तर तो तुमच्यावर रुसेल, म्हणून बिस्किटाची वेळ आपण चारची ठेवू या का?" घरातील सर्वांनी मिळून तीन-चारच नियम ठरवावेत, म्हणजे कोणी कोणाला मारायचे नाही, जेवताना मोबाईल नाही, रस्त्यावर हात सोडायचा नाही, असे; आणि त्यापलीकडचे लाड आजी-आजोबांचा हक्क म्हणून मोकळ्या मनाने सोडून द्यावेत. आजीकडे एक गोष्ट जास्त ऐकायला मिळते, आजोबांबरोबर भाजी आणायला जाताना वाटेत थांबता येते, याने कोणतेच मूल बिघडत नाही. माणसागणिक थोडे वेगळे वागायचे असते हे मुलांना लवकर कळते. फक्त एकाच माणसाचा नियम रोज बदलला तर ती गोंधळतात.

१२. मोबाईल लावल्याशिवाय घास तोंडात घेत नाही. हळूहळू सोडवावा की एकदम?

दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांत तो दिवसाला जास्तीत जास्त एक तास असावा, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. जेवणापुरता तो एकदम थांबवणे आम्हाला सोपे गेलेले दिसते, पण घरातील सर्वांचे मोबाईल त्या वेळी दुसऱ्या खोलीत गेले तरच. पहिले तीन-चार दिवस मूल कमी जेवेल. ताट समोर ठेवावे, त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे, सांडलवंड होऊ द्यावी, वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताट उचलावे आणि पुढच्या वेळेपर्यंत मधले खाणे टाळावे. वजन मुळातच कमी असेल किंवा आजारपण नुकतेच झाले असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे.

१३. धाकटा झाल्यापासून चार वर्षांची मोठी मुलगी अंथरुण ओले करते, बोबडे बोलते, बाळाला चिमटे काढते. ती अशी नव्हती.

बाळासारखे वागले की आई जवळ घेते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तिला 'तू आता मोठी झालीस ना!' हे वाक्य शिक्षेसारखे वाटते. ओल्या अंथरुणावर काहीही न बोलता चादर बदलावी. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे तरी बाळ दुसऱ्याच्या हाती देऊन फक्त तिच्याबरोबर, ती म्हणेल तो खेळ खेळावा. आणि बाळाला सांगताना तिच्या कानावर पडेल असे म्हणावे, "थांब रे जरा, आधी मला ताईची वेणी घालू दे." आजवर प्रत्येक वेळी तिलाच थांबावे लागले आहे, एकदा बाळ थांबते हे तिला ऐकू द्यावे. चिमट्यांसाठी प्रश्न ८ पाहावा.

१४. बालवाडीत सगळे म्हणतात किती गुणी आहे. घरी आल्यावर तोच मुलगा थयथयाट करतो. तो आम्हालाच का छळतो?

कारण तुमच्यापाशी त्याला सुरक्षित वाटते. चार तास स्वतःला आवरून मूल थकते आणि जेथे आवरण्याची गरज नाही तेथे मोकळे होते. घरी आल्या आल्या 'आज काय शिकवलं?' असे विचारण्याऐवजी पाणी, खाऊ आणि अर्धा तास निवांतपणा द्यावा. झोपही तपासावी: तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला दहा ते तेरा तास झोप लागते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. रात्री अकराला झोपून सकाळी सातला उठवलेल्या मुलाच्या वागण्यावर दुसरा कोणताही उपाय करण्याआधी झोपेचा उपाय करावा.

१५. चूक केल्यावर 'सॉरी म्हण' असे सांगतो, पण तोंड घट्ट मिटून उभी राहते.

तिला म्हणायला लावू नये. दडपणाखाली उच्चारलेला शब्द सुटकेची किल्ली ठरतो, आणि काही मुले ढकलतानाच 'सॉरी' म्हणू लागतात. त्याऐवजी झालेले निस्तरायला मदत करू द्यावी: पडलेला मनोरा पुन्हा रचून देणे, लागलेल्या ठिकाणी ओला रुमाल धरणे, सांडलेले पाणी पुसणे. माफीचा शब्द आपण मोठ्यांनी एकमेकांना आणि मुलांना म्हटलेला तिच्या कानावर पडत राहिला, की तो तिच्या तोंडी योग्य वेळी येतो.

१६. चार वर्षांचा मुलगा सर्रास खोटे बोलतो. ही सवय आताच मोडायला नको का?

या वयातील खोटे बोलणे बहुधा वाढीचा भाग असते: मला जे माहीत आहे ते आईला माहीत नसू शकते, हे मुलाला नुकतेच उमगलेले असते. काही वेळा ते खोटे नसून इच्छा असते, 'माझ्याकडे पण हत्ती आहे' म्हणणाऱ्या मुलाला "हत्ती असता तर कुठे ठेवला असतास?" असे विचारावे. शिक्षा चुकवण्यासाठी बोललेल्या खोट्यात मात्र आपलाही वाटा असतो. दूध सांडलेले आपण स्वतः पाहिले असताना 'कोणी सांडलं?' असे विचारणे म्हणजे सापळा लावणे. "दूध सांडलंय, फडकं आण, दोघे मिळून पुसू," असे म्हटले की खोटे बोलण्याची गरजच पडत नाही. आणि मूल आपणहून खरे सांगायला आले, तर त्या दिवशी चुकीपेक्षा त्याच्या सांगण्याची दखल आधी घ्यावी.

१७. हे सगळे पटते, पण दिवसभर नोकरी करून आल्यावर माझा तोल जातो. काल मी ओरडले आणि एक चापटही मारली. आता काय?

आता मुलाजवळ जाऊन सांगावे: "मी काल ओरडले आणि मारलं, ते चुकलं. मला राग आला होता, पण मारायला नको होतं." 'पण तूही तसं वागायला नको होतंस' हे त्यात जोडू नये. मोठे माणूस चुकते आणि ते दुरुस्त करते, हे पाहणे मुलासाठी मोलाचे असते. पुढच्या वेळी हात शिवशिवू लागला तर मूल सुरक्षित आहे याची खात्री करून दोन मिनिटे बाजूला जावे, तोंडावर पाणी मारावे, घरात दुसरे कोणी असेल तर त्याच्याकडे सोपवावे.

संध्याकाळची पहिली दहा मिनिटे, पर्स खांद्यावरून उतरवल्यावर लगेच, मुलासाठी राखून पाहावीत. स्वयंपाक दहा मिनिटांनी सुरू झाला तरी चालतो. आणि हे ओझे एकट्या आईने वाहायचे नसते. पालकसभेत आम्ही वडिलांची वाट पाहतो, हे येथे मुद्दाम लिहिते.

१८. हा नुसता हट्टीपणा आहे की काही तरी वेगळे, हे कसे ओळखावे?

नाव घेऊन हाक मारली तरी मूल वळत नसेल, बोट दाखवून काही सांगत नसेल, दोन वर्षांचे झाले तरी 'पाणी दे' यासारखे दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' असे म्हणून थांबू नये. स्वतःला इजा करून घेणे, आकांडतांडव दिवसातून अनेकदा आणि दीर्घकाळ चालणे, हेही दाखवून घेण्याजोगे आहे. सर्वांत आधी कानांची तपासणी करावी; 'ऐकत नाही' म्हणून रागावल्या गेलेल्या काही मुलांना खरोखरच ऐकू येत नसते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्यांमध्ये येऊन मुलांची तपासणी करतात आणि गरज असल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे विनामूल्य उपचारासाठी पाठवतात. अंगणवाडी सेविकेला पथकाची तारीख विचारावी.

१९. आमची मुलगी सगळे ऐकते, कोणालाच 'नाही' म्हणत नाही. मग आमच्यासाठी यातले काही नाही ना?

तुमच्यासाठी हेच उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. आपण 'चांगले वागणे' आणि 'मोठ्यांचे सगळे ऐकणे' यांची गल्लत करतो. जे मूल प्रत्येक मोठ्या माणसाचे मुकाट्याने ऐकते, ते वाईट हेतूच्या माणसाचेही ऐकते. आलेल्या पाहुण्याला पापी देण्याची सक्ती तिच्यावर करू नये. ती मागे सरली तर "तिला आत्ता नको आहे, ती हात हलवून टाटा करेल," असे आपणच तिच्या वतीने सांगावे. पाहुणे क्षणभर रुसले तरी चालतील. शरीराच्या अवयवांची नावे तिला नीट शिकवावीत, आणि आंघोळ घालणारी आई किंवा आजी आणि घरच्यांसमोर तपासणारे डॉक्टर यांच्याखेरीज चड्डीच्या आतल्या जागेला कोणी हात लावायचा नाही, लावला तर लगेच येऊन सांगायचे, हे साध्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगावे. तसे काही तिने सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवावा. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठीची मदत विनामूल्य मिळते.

रोजच्या छोट्या गोष्टींत तिच्या 'नाही'ला जागा करून द्यावी. "आज वेणी घालायची की केस मोकळे?" असे विचारावे, आणि तिने "नको, मला मोकळेच हवेत" असे प्रथमच म्हटले तर कंगवा खाली ठेवून म्हणावे, "बरं झालं सांगितलंस."